‘फुस्स’ आवाजामागची स्प्रिंग

घाटंजीच्या जिनिंगमधून निघणारी रुईची एक गाठ साधारण १७० किलोंची. ट्रकवर साठ गाठी चढल्या की नुसता मालच दहा टनांच्या वर जातो. एवढी जड गाडी उतारावर उभी केली, तर तिला ब्रेकमधली दाबलेली हवा रोखून धरते असं आपल्याला वाटतं. खरं तर पार्किंग ब्रेकमध्ये नेमकं उलटं घडतं.

गाडी उभी करताना ‘फुस्स’ असा आवाज येतो, तेव्हा ड्रायव्हरने हवा सोडून दिलेली असते. मागच्या चाकांजवळच्या चेंबरमध्ये एक जबर ताकदीची स्प्रिंग असते. गाडी चालताना हवेचा दाब तिला रेटून ठेवतो. हवा गेली की स्प्रिंग मोकळी होऊन ब्रेक आवळते. म्हणजे पाइप फुटून दाब पार उतरला, तरी गाडी मोकाट सुटत नाही, जखडते! हवा गेली की ब्रेक लागावा, ही कल्पना जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८७० च्या दशकात रेल्वेत आणली. डबे तुटून वेगळे झाले की नळीतली हवा निघून जाई आणि ब्रेक आपोआप लागत.

ट्रक आठ वर्षांचा होईपर्यंत दर दोन वर्षांनी, मग दरवर्षी पासिंग, म्हणजे फिटनेस तपासणी. तिच्या तयारीत चांगला फिटर रंगरंगोटीच्या आधी इंजिन बंद करून याच हवेच्या दाबाचा काटा न्याहाळतो. काटा उतरू लागला की सांध्यांवर साबणाचं पाणी लावायचं. बुडबुडे आले तिथे गळती. टाकीखालचा कॉक उघडून साचलेलं पाणीही काढायचं. हवा दाबली की तिच्यातली वाफ पाणी होते, आणि पावसाळ्यात तर ते जास्तच साचतं.

आणखी एक नवल गाडीच्या अंगावर चिकटवलेलं असतं: रिफ्लेक्टरची पट्टी. समोर पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल. तिच्या अनेक प्रकारांत इवलेसे कोपरे असतात, तीन पृष्ठभाग एकमेकांना काटकोनात. त्यांवर कुठूनही उजेड पडो, तो आल्या वाटेनेच परत फिरतो. १९६९ मध्ये अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी असेच १०० कोपरे बसवलेलं तबक चंद्रावर ठेवलं. पृथ्वीवरून सोडलेला लेसर त्यावरून परततो आणि चंद्राचं अंतर मोजता येतं. यवतमाळ रस्त्यावर रात्री बंद पडलेल्या ट्रकमागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला हीच भूमिती वाचवते; त्याच्याच दिव्याचा उजेड त्याच्याच डोळ्यांकडे परत येतो. पट्टीवर चिखल चढला की मात्र हे बंद पडतं. म्हणून ती पासिंगपुरती नाही, प्रत्येक खेपेआधी ओल्या फडक्याने पुसावी, आणि फाटलेली दिसली तर त्याच दिवशी बदलावी.