गाडीचा ठोका कोठून येतो ?

निफाड, दिंडोरी व चांदवड तालुक्यांतील द्राक्षे, टोमॅटो आणि भाजीपाला पिकअप गाड्यांतून मुंबईकडे रवाना होतो. जाताना इगतपुरीच्या पुढे कसारा घाट उतरावयाचा असतो. त्या वेळी चालकाचा पाय ॲक्सिलरेटरवर नसतो व इंजिनावर ताण पडत नाही. दुसऱ्या दिवशी रिकामे क्रेट घेऊन तोच घाट चढू लागले म्हणजे गाडीतून ठोका ऐकू येतो. दोष रात्रीही होताच. तो बोलला मात्र चढावर. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा खुला झाल्यापासून काही गाड्या बोगद्यातून ये-जा करतात, परंतु सह्याद्रीची उंची त्यांनाही चढावीच लागते.

अशा ठोक्याबाबत दोन प्रकारे नुकसान होते. कोणी 'चालते तोवर चालवू' म्हणून हंगामभर गाडी दामटतो आणि अखेरीस क्रँकसह इंजिन गमावतो. कोणी घाबरून इंजिन खोलून बसतो, आणि दोष निघतो प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसमध्ये. दोन्ही नुकसाने बहुतांशी टाळता येण्याजोगी आहेत. त्यासाठी हत्यारापूर्वी कान वापरावयास हवा.

प्रथम सपाट जागी गाडी उभी करून, हातब्रेक ओढून व गिअर काढून इंजिनाचा वेग वाढवावा. जड, खोल असा ठोका उभ्या गाडीतही आला आणि इंजिन तापल्यावर वाढला, तर कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा संशय घ्यावा. तेल तापून पातळ होते व झिजलेली फट उघडी पडते. इंजिन बंद करून थोड्या वेळाने दांडीवर तेलाची पातळी पाहावी. तेल कमी असेल वा तेलदाबाचा दिवा लागत असेल, तर गाडी चालवीत गॅरेजला नेऊ नये, ओढून न्यावी. काढलेल्या तेलात धातूचा चमकदार कीस दिसल्यास शंका उरत नाही. या अवस्थेत बेअरिंग बदलून निभावते. आणखी शंभर मैल रेटल्यास क्रँक घासून घ्यावा लागतो किंवा तो निकामी होतो.

ठोका केवळ गाडी ओढ घेताना येत असेल तर तो कसा वाजतो हे पाहावे. क्लच सोडताच किंवा ॲक्सिलरेटर दाबताच एकदाच 'खट्' होऊन थांबत असेल, तर बहुधा क्रॉस झिजलेला असतो. गाडीच्या चाकांना पुढून-मागून दगड लावावेत, इंजिन बंद ठेवावे आणि शाफ्ट हाताने दोन्ही बाजूंस पिळून पाहावा. सांध्यात ढिलाई जाणवली, किंवा तेथे गंजाची तांबूस पूड दिसली, तर क्रॉस बदलावा. शेतरस्त्यावर भरलेल्या गाडीचे पाट्यांचे यू-बोल्टही सैल होतात, व त्यांचा आवाज असाच येतो; ते आधी आवळून पाहणे स्वस्त पडते. इंजिनाची रबरी माउंटिंग तुटली असल्यास ओढ घेताना इंजिन एका बाजूस उचलले जाते. हे दुसऱ्या माणसाने बाजूला उभे राहून पाहावे. गाडीपुढे कोणी उभे राहू नये.

पेट्रोल गाडीत चढावर पत्र्यावर गहू ओतल्यासारखा बारीक खडखडाट येतो, तो निराळा. प्लगच्या ठिणगीने पेटलेली ज्योत पोहोचण्यापूर्वीच सिलिंडरमधील उरलेले मिश्रण उष्णतेने व दाबाने आपोआप पेटते, म्हणून हा आवाज होतो. उभ्या गाडीत तो सहसा येत नाही. म्हणून पहिल्या परीक्षेत गाडी निर्दोष ठरली तरी फसू नये. वरच्या गिअरमध्येच चढ रेटणे, रेडिएटरमधील पाणी कमी होणे, चुकीचा प्लग, साचलेला कार्बन, रॉकेलची भेसळ ही त्याची नेहमीची कारणे होत. गिअर उतरवताच आवाज थांबला तर अर्धे निदान झाले. इथेनॉलमिश्रणावर याचे खापर फोडण्याची प्रथा पडू पाहत आहे. ती बरोबर नाही. इथेनॉलचा ऑक्टेन अंक शंभराहून अधिक असल्याने ते हा ठोका उलट कमी करते. जुन्या गाडीच्या रबरी नळ्यांवर त्याचा परिणाम होतो, हा प्रश्न स्वतंत्र आहे. हाच ठोका थांबविण्यासाठी १९२१ मध्ये अमेरिकेत पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग घालण्याची युक्ती निघाली. ते विषारी असल्याने भारतात २००० साली शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले.

डिझेल इंजिन मुळातच ठोका देणारे आहे, हे पंपाचे इंजिन हाकलेल्या शेतकऱ्यास सांगावयास नको. निफाडच्या थंडीत पहाटे आलेला आवाज इंजिन तापल्यावर निवळला तर चिंता नाही. तापल्यावरही एकच सिलिंडर वेगळा ठोकत असेल, तर नोझल गळत असावे किंवा डिझेल वेळेआधी फवारले जात असावे. जुन्या पंपाच्या इंजिनात मिस्त्री एकेका नोझलच्या नळीचा नट किंचित सैल करतात. ज्या सिलिंडरचे डिझेल तोडल्यावर ठोका थांबतो, दोष तेथे असतो. ही परीक्षा कॉमन रेल पद्धतीच्या नव्या गाडीवर कदापि करू नये. तिच्या नळ्यांत हजार बारहून अधिक दाब असतो आणि ती धार कातडी भेदून शरीरात शिरते. अशी इजा बाहेरून टाचणीएवढी दिसली तरी रोग्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे. नव्या गाडीचे निदान संगणकयंत्र असलेल्या गॅरेजमध्येच करवावे.

गॅरेजला गेल्यावर 'गाडी वाजते' एवढेच सांगून मालकाने बाजूला बसू नये. आवाज थंड इंजिनात येतो की तापलेल्या, उभ्या गाडीत की चढावर, एकदा की सतत, आणि गेल्या खेपेस डिझेल वा पेट्रोल कोठे भरले, या गोष्टी कागदावर लिहून द्याव्यात. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना गावातील गाडीमालकांकडून ही टिपणे द्राक्षांचा हंगाम सुरू होण्यापूर्वीच करवून घेता येतील.