एक सभासद, एक मत : मोहाडीची सह्याद्री फार्म्स

नवी गोष्ट समाजात कशी पसरते, याचा पायाभूत अभ्यास शेतकऱ्यांवर झाला होता. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांनी २५९ शेतकऱ्यांना विचारलं, की संकरित मका तुम्ही कधी आणि कुणामुळे पेरला? बियाण्याची बातमी बहुतेकांना विक्रेत्याकडून कळली होती, खात्री पटवली ती शेजाऱ्यांनी. १९४३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा आधार पुढे एव्हरेट रॉजर्स यांनी घेतला आणि तो विचार व्यवस्थापनाच्या वर्गांत पोहोचला. त्या वर्गांतल्या मुलांनी दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीला यावं, असं मला फार वाटतं.

मोहाडीत ‘सह्याद्री फार्म्स’चं आवार आहे. पॅकहाउस, प्रीकूलिंग, शीतगृह, फळप्रक्रिया, सगळं एकाच ठिकाणी. पाहुणे यंत्रांपाशी रेंगाळतात. पण इथली खरी नवी गोष्ट समजायला २०१० चा हंगाम आठवावा लागतो.

खरड छाटणीनंतर शेंडा आवरावा, काडीत घड धरावा, म्हणून बागाईतदार सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड, फवारत. त्या वर्षी त्याचा अंश युरोपच्या तपासणीत सापडला आणि निर्यात अडकली. निर्यातीच्या द्राक्षांचा माग ठेवणाऱ्या ग्रेपनेट प्रणालीमुळे प्लॉटची नोंद होती. पण ज्याची तपासणीच होत नव्हती, ते नोंदीत कुठून दिसणार? राहुरीच्या कृषी विद्यापीठात शिकलेले विलास शिंदे तेव्हा शेतकऱ्यांचा गट बांधून द्राक्षं पाठवत होते. त्यांनाही मोठा फटका बसला. एकट्या निर्यातदाराच्या खांद्यावर एवढी जोखीम पेलत नाही, हे त्या हंगामानं दाखवून दिलं.

त्याच सुमारास त्यांनी शेतकरी उत्पादक कंपनीची वाट धरली, तीच ‘सह्याद्री फार्म्स’. योगिंदर अलघ समितीच्या शिफारशींवरून २००२ च्या कायदादुरुस्तीनं ही रचना आली होती. व्यवहार कंपनीचा, मालकी पिकवणाऱ्यांची. शेअर कितीही असोत, शेतकरी सभासदाला मत एकच. दोन एकरवाला आणि वीस एकरवाला सभेत सारखेच. महाराष्ट्राला सहकाराची सवय जुनी. द्राक्ष निर्यातीसाठी ‘महाग्रेप्स’ १९९१ मध्येच उभी राहिली होती. मोहाडीनं त्या सवयीला व्यावसायिक व्यवस्थापनाची जोड दिली. फवारणीचं वेळापत्रक, वाणाची निवड, काढणीची तारीख हे प्लॉटवरचे निर्णय आता एकट्याचे राहिले नाहीत, आणि माझ्या मते नेतृत्वाचा अभ्यास करायचा तर तो इथूनच करावा. स्वतःच्या बागेत कुणाचं न ऐकणारा बागाईतदार शेजाऱ्याच्या रेसिड्यू रिपोर्टची काळजी करू लागतो, हे घडवणं शीतगृह बांधण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे.

या रचनेची अडचणही खरी आहे. उत्पादक कंपनीचे शेअर बाहेरच्याला विकता येत नाहीत. मग कारखान्याचं भांडवल आणायचं कुठून? २०२२ मध्ये इन्कोफिन, कोरीस, एफएमओ आणि प्रोपार्को या युरोपीय गुंतवणूकदारांनी ३१० कोटी रुपये गुंतवले, ते ‘सह्याद्री फार्म्स पोस्ट हार्वेस्ट केअर’ या वेगळ्या कंपनीत. मूळ कंपनीतलं एक सभासद, एक मत तसंच राहिलं. प्रक्रिया उद्योगात मात्र आता पैशाच्या प्रमाणात बोलणारे भागीदार शेतकऱ्यांच्या शेजारी बसतात.