दुःखाचं रान, कवितेचं रूप

बालाघाटहून वैनगंगा खाली गोंदिया-भंडाऱ्याकडे जाते. 1956 पर्यंत हा सगळा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या एकाच राज्यात होता. त्याच नागपूरचे कवी ग्रेस यांचा ‘संध्याकाळच्या कविता’ हा संग्रह 1967 साली आला आणि दुर्बोधतेचा शिक्का त्यांच्यावर कायमचा बसला. तो शिक्का मला अन्यायाचा वाटतो. शोकात सापडलेल्या माणसाला नदी आणि आई, पाऊस आणि घर वेगळे काढता येत नाहीत. ग्रेस यांच्या प्रतिमा एकमेकींत मिसळतात त्या यामुळेच, वाचकाला चकवण्यासाठी नव्हे. कुणी म्हणेल, हे दुःख फार खासगी. रान तोडलं जातं तेव्हा अशी कविता काय कामाची? आक्षेप रास्त आहे. पण त्याचं उत्तरही प्रयोगशील कवितेनंच दिलंय. कवी भुजंग मेश्राम यांनी ‘ऊलगुलान’ या संग्रहात आदिवासी बोलींचे शब्द मराठीत थेट आणले, कारण जंगल गमावलेल्यांचा शोक प्रमाणभाषेत पुरता मावत नव्हता. बालाघाट जिल्ह्यात मलाजखंडला तांब्यासाठी अख्खा डोंगर खोदला गेला. त्या जिल्ह्यातल्या गोंड-बैगांना ही कविता समजावून सांगावी लागणार नाही. अडखळेल तो फक्त सोप्या अर्थाची सवय लागलेला वाचक, आणि त्यानं थोडं अडखळावंच.