घोड्याच्या अंगावरच्या रेघा

पाब्लो पिकासोचं ‘गेर्निका’ १९३७ सालचं. पिकासो आणि त्याचा चित्रकार मित्र ब्राक यांनी पॅरिसमध्ये घनवाद रुजवला, त्याला तोवर पंचवीस-तीस वर्षं उलटली होती. पण चित्राची भाषा त्याच वळणाची. चेहरा एका बाजूने रंगवलेला, तरी डोळे दोन्ही दिसतात. रुंदी पावणेआठ मीटर. माद्रिदच्या रेना सोफिया संग्रहालयात ते जरा लांबूनच पाहावं लागतं, त्यामुळे बारकावे निसटतात.

म्हणून संग्रहालयाने यंत्रमानव लावून कॅनव्हासचा कोपरा न् कोपरा टिपला. २०१७ पासून ते छायाचित्र कुणालाही घरबसल्या हवं तेवढं मोठं करून पाहता येतं. घोड्याच्या पोटाशी जाऊन बघा. दुरून तिथे वर्तमानपत्राचा कागद डकवल्यासारखा वाटतो. जवळून कळतं, कागदबिगद काही नाही. ब्रशने ओळीत मारलेल्या बारीक उभ्या रेघा आहेत. १९१२ च्या सुमारास पिकासो आणि ब्राक खरोखरच वर्तमानपत्राचे कपटे चित्रात चिकटवत. इथे तो कागद नुसता रंगाने भासवलाय.

तेच चित्र क्ष-किरणांत, अतिनील आणि अवरक्त प्रकाशातही ताडून पाहता येतं. मला विचाराल तर त्याहून बोलके आहेत ते छायाचित्रकार डोरा मार यांनी चित्र रंगत असताना काढलेले फोटो. जमिनीवर पडलेल्या सैनिकाची मूठ आधी वर उगारलेली होती. मग तिच्यात धान्याची कणसं आली, मागे सूर्य आला, आणि शेवटी तो उगारलेला हातच पुसला गेला.