समपातळी

आमच्या घरामागे सफरचंदाचं जुनं झाड आहे. ऑक्टोबरात त्याखाली फळांचा सडा पडतो. हेरफर्डशरात याचं कुणाला नवल नाही. १७व्या शतकापासून हा भाग सायडरसाठी नावाजलेला. मुरांबे करून दमले, तेव्हा शेजारच्या आजोबांनी रस काढायचं यंत्र दिलं आणि मीही सायडर करू लागले. "मास्तरीणबाई आता दारू गाळतात!" सांगलीहून सासूबाईंचा शेरा आलाच.

पहिल्या वर्षी रस छान आंबला, पण बाटल्या भरताना घात झाला. नरसाळं लावून वरून धार सोडली. ओटा चिकट झाला आणि दिवाळीत बाटली उघडली तर आत व्हिनेगर! उंचावरून पडताना सायडरात हवा मिसळते आणि ऑक्सिजनच्या जोरावर जिवाणू अल्कोहोलचं आम्ल करतात, हे नंतर कळलं. बाटली तळापासून, शांतपणे भरायला हवी.

म्हणून यंदा पाडव्याच्या सुमारास घरीच साधन केलं. दोन भोकांचं रबरी बूच घेतलं. एका भोकातून ताठ नळी बाटलीच्या तळापर्यंत. तिचं वरचं टोक लवचिक नळीने ओट्यावरच्या साडेचार लिटरच्या बरणीत, गाळाच्या जरा वर. मध्ये चिमटा. दुसऱ्या भोकात हवा बाहेर जायला आखूड नळी, तिलाही लवचिक नळीचा तुकडा. बाटली खाली स्टुलावर.

लहानपणी बाबा रॉकेल काढताना नळी तोंडाने ओढायचे आणि मग थुंकत बसायचे. इथे हवेच्या नळीतून ओढलं की पुरतं. सायडरला तोंड लागत नाही.

आधी पाण्याने करून पाहिलं. बाटली भरली आणि हवेच्या नळीतून कारंजंच उडालं! दहा वर्षांचा लेक ओरडला, "आई, होल्ड इट अप!" त्यानेच नळीचं टोक बरणीच्या वर धरलं. पाणी नळीत चढलं, बरणीतल्या पाण्याच्या उंचीला आलं आणि थांबलं.

"का थांबलं?" त्याने चक्क मराठीत विचारलं.

मी एम.ए. मराठीची. शाळेत विज्ञानाच्या बाई रजेवर असल्या की त्यांचा तास माझ्याकडे यायचा, तेव्हा हे चित्र फळ्यावर काढलं होतं. इथे आल्यापासून सहा वर्षं खडू हातात नाही. लेक इंग्रजीतच उत्तरं देतो, अभ्यासाचं बाबांनाच विचारतो. त्या दिवशी विजेच्या बिलाच्या पाठीवर मी दोन भांडी काढली. "याला समपातळी म्हणतात." त्याने शब्द दोनदा घोळवला.

मग सगळं निर्जंतुक करून सायडर भरलं. त्याआधी एक खात्री मात्र करावीच: घनतामापकावरचा आकडा आठवडाभर १.००० किंवा त्याखाली स्थिर हवा. आंबणं अपुरं असेल तर वायू साठून बाटली फुटते. ७५० मिलीच्या पाच बाटल्या भरल्या. बाकी गाळात गेलं. ओटा कोरडा!

अनंतचतुर्दशीनंतर पहिली बाटली उघडली. स्वच्छ, सोनेरी, सफरचंदाच्या वासाची. सध्या इथे आलेल्या सासूबाईंनी नुसता वास घेतला. "व्हिनेगर बरं होतं गं, कांद्यावर तरी घालता आलं!"

ते बिल फ्रिजवर चिकटवलंय. माझ्या चित्राखाली लेकाने लिहिलंय, 'समपातळि'. शेवटची वेलांटी अजून सुधारलेली नाही. उद्याच्या तासाला बघू.