मोहल्ल्याची तारीख, दादीच्या तोंडून

मालेगावात शुक्रवारी यंत्रमाग बंद असतात. म्हणून आमचं रेकॉर्डिंग जुम्म्याच्या नमाजनंतर, जेवणं आटोपली की सुरू होतं. इतर दिवशी भिंतीपलीकडची खटखट मोबाईलमध्ये माणसाच्या आवाजापेक्षा जास्त भरते. आम्ही म्हणजे मोहल्ल्यातले तीन-चार शिक्षक, सायझिंगमधून निवृत्त झालेले एक चाचा आणि दहावी-बारावीची काही मुलंमुली. सत्तरी ओलांडलेल्या बुजुर्गांकडून गल्लीची हकीगत ऐकायची आणि जपून ठेवायची, एवढंच काम.

गावाचा मोठा इतिहास लिहिलेला आहे. 1857 नंतर उत्तरेकडून मोमीन विणकर कुटुंबं इथं आली, हातमागावर रंगीत लुगडी विणू लागली, पुढे वीज आली आणि यंत्रमाग बसले. 1921 च्या खिलाफत काळातला संघर्ष आणि 'शहीदों की यादगार' इथल्या पोराटोरांना ठाऊक आहे. बाहेरच्यांना मात्र 2006 आणि 2008 चे स्फोट तेवढे आठवतात.

पण कांड्या कोण भरत होतं, हे कुठंच लिहिलेलं नाही. मागावर पुरुष बसायचा. धोट्यात घालायची कांडी घरातली बाई भरायची. चुलीवर डाळ, मांडीवर मूल आणि हात चरख्यावर. तिचं नाव कुठल्या वहीत नाही, मजुरी यायची ती नवऱ्याच्या हाती. दादी-नानींना 'तुम्ही काय काम केलंत' असं विचारलं तर एकच उत्तर येतं, "हम क्या काम करते बेटा, हम तो घर में थे." मग विचारायचं, कांडी कोण भरायचं? की पुढचा तास त्याच बोलतात.

'तारीख' हा शब्द इथं मोठी गंमत करतो. उर्दूत तारीख म्हणजे इतिहासही. पण 'मोहल्ले की तारीख बताइए' म्हटलं की निम्म्या लोकांना कोर्टाची तारीख आठवते आणि ते सावध होतात! सालही कुणी सांगत नाही. "72 च्या दुष्काळात माझी थोरली रांगत होती", "इमर्जन्सीत आमचं लग्न झालं", अशा खुणांवरून साल आम्हीच बसवतो. बोलणं ज्या बोलीत झालं त्याच बोलीत उतरवून घेतो, सुधारत नाही. खाली मराठीत सारांश असतो.

मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी मुंबईच्या गिरणगावाबद्दल कामगारांच्याच तोंडून ऐकून 2004 साली मोठं पुस्तक केलं. हुरूप त्यातून मिळाला. मात्र आमच्याकडे विचारणारा आणि सांगणारा एकाच गल्लीतले. ओळख असते म्हणून लोक मनातलं सांगतात, आणि ओळख असते म्हणूनच लपवतातही.

एका दादींनी सांगितलं, घरातला पहिला माग त्यांच्या झुमक्यांवर आला, कागद मात्र दिराच्या नावानं झाला. दुसऱ्या दिवशी मुलगा आला, "सर, तेवढं काढून टाका. चाचांच्या घरी अजून येणं-जाणं आहे." त्याचंही चुकीचं नव्हतं. दादींना विचारलं. त्या म्हणाल्या, "रहने दो. मेरे बाद सुनाना." तेव्हापासून नियम केला: शब्द ज्याचा, परवानगी त्याची, मुलाची नाही, आमचीही नाही. परवानगीसुद्धा त्यांच्याच आवाजात नोंदवतो. ते रेकॉर्डिंग बंद आहे. बाकीच्यांची एकेक प्रत घरी दिली आहे.

आमच्या मते पुरुषांनी आपल्या बैठकी जरा मागे ठेवाव्यात आणि आधी स्वयंपाकघरांकडे वळावं. मुली आत जाऊन बसतात तेव्हा जे मिळतं, ते आम्हाला ओट्यावर कधी मिळालं नाही.

यादीतले दोघे बुजुर्ग या रमजानआधीच अल्लाहला प्यारे झाले. येत्या जुम्म्याला एका जुन्या रंगाऱ्यांकडे जायचं आहे. लुगड्याचा लाल रंग पक्का कसा बसायचा, हे सांगणारे आमच्या भागात आता तेच उरलेत. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून मुलींनी प्रश्न मोठ्या उर्दू अक्षरांत लिहून ठेवले आहेत.