उरूस-बाजारातील दुकानदारांसाठी बॅटरी : निवड आणि निगा

परळीच्या माणसाने विजेची तक्रार केली की बाहेरगावच्या लोकांना हसू येते. औष्णिक विद्युत केंद्राचे धुराडे दारात, आणि हे लोक अंधाराबद्दल बोलतात! १९७१ साली ३० मेगावॅटच्या संचापासून सुरुवात झालेल्या या केंद्राच्या नव्या भागात प्रत्येकी २५० मेगावॅटचे तीन संच उभे राहिले. पण २०१३ च्या दुष्काळात खडका धरणात पाणी उरले नाही, आणि एवढे मोठे केंद्र बंद ठेवावे लागले. पाण्यावाचून वीज नाही, हे परळीकरांना वेगळे शिकवावे लागत नाही. मात्र हीच गोष्ट आपल्या दुकानातल्या छोट्या बॅटरीलाही लागू आहे, हे आपण विसरतो.

आपल्या समाजातील शेकडो लोकांचा कारोबार पक्क्या दुकानात चालत नाही. कुणी कपड्याचे गठ्ठे टेम्पोत टाकून आठवडी बाजार करतो, कुणी बांगड्या, कुणी भांडी, कुणी अत्तर-टोप्या घेऊन फिरतो. परभणीला हजरत तुराबुल हक यांचा उरूस दरवर्षी २ फेब्रुवारीपासून भरतो. परळीत महाशिवरात्रीची यात्रा, तिकडे लोहा तालुक्यात माळेगावची यात्रा असते. अशा ठिकाणी पुढच्या रांगेला तात्पुरते कनेक्शन मिळते. मागच्या रांगेला मिळेलच याची खात्री नाही. जनरेटरच्या धुराने पांढरे कापड काळवंडते आणि आवाजात गिऱ्हाइकाचे बोलणे ऐकू येत नाही. म्हणून बॅटरी हाच मार्ग उरतो. पण कापड घेताना सूत चिमटीत धरून पाहणारा आपला माणूस बॅटरी घेताना डोळे मिटून घेतो.

माझी चूक

काही वर्षांपूर्वी परभणीच्या उरुसात मी स्वतः ही चूक केली. एका विक्रेत्याने ट्रकची जुनी बॅटरी 'नव्यासारखी करून' स्वस्तात दिली. चोरीला जाऊ नये म्हणून ती मी लाकडी पेटीत झाकण लावून ठेवली. दुपारी चार्ज करून आणायची, रात्री वापरायची. तिसऱ्या रात्री, ऐन गर्दीत, साडेआठलाच दिवे पिवळे पडू लागले. माझ्याकडे कामाला असलेल्या पोराने पेटी उघडली, बॅटरीची बुचे काढली आणि पाणी किती आहे हे पाहण्यासाठी काडी ओढली. स्फोट झाला. ॲसिड त्याच्या गालावर आणि पापणीवर उडाले. शेजारच्या चहावाल्याने पाण्याची घागरच त्याच्या तोंडावर ओतली, मग दुसरी, मग तिसरी. दवाखान्यात नेईपर्यंत आम्ही पाणी ओततच होतो. डॉक्टर म्हणाले, त्या पाण्यानेच डोळा वाचला. अल्हम्दुलिल्लाह.

विक्रेत्याने फसवले हे खरे. पण पेटी बंद करणारा मी होतो, आणि पोराला काही न सांगणाराही मीच. दुसऱ्याचे लेकरू आपल्याकडे कामाला असते तेव्हा ती अमानत असते. त्या रात्रीनंतर मी जाणकार मिस्त्रींकडून हे काम समजून घेतले. तेच येथे सांगतो.

बॅटरी बॅटरीत फरक

शिसे आणि ॲसिडची बॅटरी १८५९ साली फ्रान्समध्ये गास्तों प्लांते यांनी तयार केली. आजही तत्त्व तेच आहे. एका कप्प्यात सुमारे २ व्होल्ट, असे सहा कप्पे मिळून १२ व्होल्ट. पण सर्व बॅटऱ्या एका कामाच्या नसतात.

ट्रक, जीप, ट्रॅक्टरची बॅटरी इंजिन चालू करण्यासाठी असते. तिच्या प्लेटा पातळ आणि संख्येने जास्त असतात. दोन-चार सेकंद जोराचा प्रवाह द्यायचा आणि लगेच इंजिनाकडून भरून घ्यायचे, एवढेच तिचे काम. तिच्यावर रात्रभर दिवे लावले की थोड्याच दिवसांत प्लेटा झडतात. इन्व्हर्टरसाठी मिळणाऱ्या ट्यूब्युलर बॅटरीत धन प्लेटेचा मसाला नळ्यांमध्ये भरलेला असतो, तो लवकर झडत नाही. रोज रिकामी होऊन रोज भरली जाणारी बॅटरी हवी तर ट्यूब्युलरच घ्यावी.

बॅटरीवर 'एएच' म्हणजे अँपिअर-तास लिहिलेले असतात. शेजारी 'सी-२०' किंवा 'सी-१०' असेही छापलेले असते. तिकडे आपण पाहत नाही. कापड कोणत्या गजाने मोजले, हे विचारण्यासारखेच हे आहे. १५० एएच सी-२० याचा अर्थ साडेसात अँपिअर प्रवाह वीस तास. तीच बॅटरी दहा तासांत रिकामी केली तर १५० मिळत नाहीत, कमी मिळतात. सोलरसाठीच्या बॅटऱ्या बहुधा सी-१० वर मोजलेल्या असतात. सारख्याच आकड्याच्या दोन बॅटऱ्यांपैकी एक फारच हलकी लागली तर आत शिसे कमी आहे असे समजावे. नापतोलात कमी देणाऱ्यांना कुरआन शरीफमध्ये सक्त ताकीद आहे. पण घेणाऱ्यानेही माप समजून घेतले पाहिजे. उत्पादनाचा महिना पाहावा, वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का तिथेच घ्यावा.

हिशेब कसा करावा

समजा, उरुसात कपड्याचे दुकान आहे आणि रात्री तिथेच झोपायचे आहे. १२ व्होल्टवर चालणारे ९ वॅटचे पाच एलईडी दिवे म्हणजे ४५ वॅट. पाच तासांचे २२५ वॅट-तास. २४ वॅटचा डीसी पंखा दहा तास, म्हणजे २४०. मोबाइल आणि पैसे जमा झाल्याचे बोलून सांगणारा डबा यांना ३५ धरा. एकूण ५०० वॅट-तास. याला १२ ने भागले की जवळपास ४२ अँपिअर-तास येतात.

आता ४२ ची बॅटरी घेतली तर घात होईल. शिसे-ॲसिडची बॅटरी रोज अर्ध्यापेक्षा जास्त रिकामी करू नये; अर्ध्यावर थांबलात तर ती वर्षानुवर्षे साथ देते, रोज तळ गाठलात तर लवकर संपते. म्हणून ४२ चे दुप्पट ८४. पुढे बॅटरी म्हातारी होईल, त्यासाठी थोडे वाढवून १०० एएच. हेच दिवे इन्व्हर्टर लावून २३० व्होल्टवर चालवले तर १५ ते २० टक्के वीज इन्व्हर्टरच खातो. म्हणून शक्य तिथे १२ व्होल्टचेच दिवे-पंखे घ्यावेत.

मात्र १२ व्होल्टवर वायर जाड लागते. वरच्या हिशेबात दिवे-पंखा मिळून सुमारे ६ अँपिअर प्रवाह वाहतो. बॅटरी दिव्यांपासून १० मीटर दूर असेल आणि वायर १ चौरस मिलिमीटरची असेल, तर दोनेक व्होल्ट वायरीतच जातात आणि दिवे मंद दिसतात. तिथेच ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घेतली तर घट अर्ध्या व्होल्टवर येते. धन टोकाजवळ १५ अँपिअरचा फ्यूज हवाच. कपड्याच्या दुकानात एक ठिणगी म्हणजे वर्षाची कमाई राख.

ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या जिल्ह्यातील कुटुंबांना एवढे काही लागत नाही. कोपीत ३ वॅटचे दोन दिवे पाच तास आणि एक-दोन मोबाइल, म्हणजे सुमारे ४५ वॅट-तास. त्यांना १२ व्होल्ट, १२ एएचची बंद बॅटरी आणि २० वॅटचे सोलर पॅनेल पुरते.

अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटात क्वार्ट्झसाइट नावाचे गाव आहे. थंडीच्या दिवसांत तिथे हजारो लोक चाकांवरच्या घरगाड्या घेऊन मुक्कामाला येतात. वाळवंटात तारा नाहीत. तेही बॅटरी आणि सोलरवरच राहतात. त्यांची गाडी मोठी, आपला टेम्पो छोटा. पण हिशेब हाच.

भरणे आणि जपणे

बॅटरी भरताना चार्जरचा प्रवाह साधारण क्षमतेच्या दहाव्या भागाइतका ठेवावा; १०० एएचला १० अँपिअर. जितके काढले त्याहून १५-२० टक्के जास्त परत घालावे लागते. म्हणजे ५०० वॅट-तास वापरले तर सुमारे ६०० हवेत. १०० वॅटचे पॅनेल यासाठी अपुरे पडते. २०० वॅटचे घ्यावे, मध्ये चार्ज कंट्रोलर लावावा आणि पॅनेलवर मंडपाची सावली पडू देऊ नये.

बॅटरी किती भरली आहे हे अंदाजाने सांगू नये. साधा मल्टिमीटर पुरे. दिवे बंद करून, चार्जर काढून दोन-तीन तासांनी मोजावे. १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे पूर्ण, १२.२ म्हणजे जवळपास अर्धी, ११.९ च्या खाली गेली तर रिकामी. हायड्रोमीटर असेल तर सहाही कप्पे तपासावेत. आकडा कंपनीच्या पत्रकाशी ताडून पाहावा. पाच कप्पे सारखे आणि एक खाली असेल तर तो कप्पा खराब होत आहे.

सर्वांत मोठा शत्रू म्हणजे रिकामी ठेवलेली बॅटरी. प्लेटांवर शिशाच्या क्षाराचे कठीण खडे बसतात आणि मग ती भरतच नाही. उरूस संपला, बॅटरी गोदामात टाकली आणि सहा महिन्यांनी काढली, असे आपल्याकडे सर्रास होते. ठेवण्याआधी पूर्ण भरावी, तारा काढाव्यात आणि महिन्यातून एकदा पुन्हा भरावी.

दुसरा शत्रू उन्हाळा. मे महिन्यात बीड जिल्ह्यात पारा ४० च्या वर असतो. उष्णता दर १० अंशांनी वाढली की बॅटरीचे आयुष्य निम्म्यावर येते, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. बॅटरी पत्र्याखाली किंवा टेम्पोच्या तापलेल्या फळीवर ठेवू नये. उन्हाळ्यात पाण्याची पातळी दर पंधरा दिवसांनी पाहावी. फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे, तेही चार्ज झाल्यावर, खुणेपर्यंतच. बोअरचे, नळाचे किंवा फिल्टरचे पाणी नको. आपल्या भागातल्या पाण्यातले क्षार प्लेटा खातात. वरून ॲसिड कधीही घालू नये, कारण उडून जाते ते पाणी. ॲसिड आतच राहते. टर्मिनलवर पांढरे-हिरवे साचले तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसावे, सोडा आत जाऊ देऊ नये, कोरडे करून व्हॅसलीन लावावे.

तिसरी गोष्ट हवेची. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की ठिणगीने पेट घेतो. पेटीला वर-खाली भोके हवीतच. बुचे काढताना काडी, लायटर, विडी जवळ नको. बघायचे तर मोबाइलचा टॉर्च. तार काढताना ऋण टोक आधी, लावताना शेवटी. जवळ भरलेली घागर ठेवावी. डोळ्यात ॲसिड गेले तर निदान पंधरा-वीस मिनिटे पाण्याने धुवावे आणि मगच दवाखाना.

लिथियम घ्यावी का?

आता लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आली आहे. वजन शिशाच्या बॅटरीच्या निम्म्याहून कमी, पाणी घालायचे नाही, आणि ८० टक्क्यांपर्यंत रिकामी केली तरी चालते. वरच्या हिशेबात १०० ऐवजी ६० एएच पुरते. हजारो वेळा भरता येते. पहिला खर्च मात्र बराच जास्त. जो वर्षभर बाजार करतो आणि रोज बॅटरी उचलतो, त्याला ती परवडते. वर्षातून दोन उरूस करणाऱ्याला ट्यूब्युलर बरी. लिथियमला तिचाच चार्जर हवा, आत संरक्षण करणारे सर्किट हवे. भंगारातील जुने सेल जोडून केलेली बॅटरी फुकट मिळाली तरी घेऊ नये.

जुनी बॅटरी आणि मशिदीची बॅटरी

जुनी बॅटरी दुकानदाराला परत द्यावी आणि पैसे वजा करून घ्यावेत. २००१ पासून यासाठी नियम आहेत, २०२२ मध्ये नवे नियम आले. ॲसिड गटारात ओतणे आणि अंगणात शिसे वितळवणे हा गुन्हा तर आहेच. शिशाचा धूर आधी आपल्याच मुलांच्या मेंदूवर बसतो.

शेवटी एक विनंती. आपल्या मोहल्ल्यातील मशिदीत चंद्याच्या पैशातून घेतलेला इन्व्हर्टर असतो. ती बॅटरी सर्वांची असते, म्हणून पाणी कुणीच घालत नाही, आणि ऐन रमजानात तरावीहच्या वेळी ती बसते. मग पुन्हा चंदा. कमिटीने एका तरुणावर जबाबदारी द्यावी आणि भिंतीवर तारखांचा कागद लावावा. हा पैसा लोकांच्या घामाचा आहे.

तो पोरगा आज स्वतःचे दुकान घेऊन उरुसात बसतो. त्याच्या पेटीला चारी बाजूंनी भोके आहेत. नवीन पोरगा कामाला आला की आधी तो त्याला बॅटरीजवळ नेतो आणि पापणीवरचा डाग दाखवतो. मग कापडाचा भाव शिकवतो. आपणही आपल्या दुकानात हाच क्रम ठेवला तर नुकसान टळेल आणि रोजीत बरकत येईल, इन्शाअल्लाह.